वडिलांचं पेन

या, असे जवळ सरकून बसा. पेनांच्या दुकानात कानावर आलेली दोन सख्ख्या भावांची गोष्ट सांगायची आहे. त्यांच्या वारलेल्या वडिलांचं शाईचं पेन धाकट्याच्या खिशाला असायचं आणि ते थोरल्याच्या डोळ्यांत रोज सलायचं.

“याच्या खिशाला आहे ना, त्याच्याहून दणकट दाखवा,” थोरला दुकानदाराला म्हणाला.

“हे घ्या. अंग धातूचं, टोपण आट्यांचं. गर्दीत कितीही रेटारेटी होऊ दे, खिशात उघडणार नाही.”

“पडलं तर?”

“पोचा येईल, फुटणार नाही. फक्त खिशात उभं ठेवा, म्हणजे गळणार नाही.”

“दादा, काळं घे. तुला शोभेल.”

“तू गप रे! तुला काय, आयतं मिळालंय. बाबांचा लाडका!”

“लिहून तर बघा, साहेब.”

थोरल्याने वडिलांचं नाव लिहिलं. धाकटा कागदावर वाकला, तो वाकलेलाच राहिला.

“दादा, हुबेहूब बाबांचं अक्षर.”

“मग ते पेन कोणाकडे हवं होतं, सांग!”

“तुझ्याकडेच. माझ्या डाव्या हातात ते नुसतं खरखरतं. एक ओळ लिहिली नाही मी त्याने.”

“मग मिरवतोस कशाला?”

“तुझा हात धरून बाबांनी अक्षर गिरवून घेतलं, दादा. माझा डावा हात त्यांनी कधी धरलाच नाही. मला निदान पेन तरी राहू दे की.”

थोरल्याने नवं पेन आपल्या खिशाला लावलं आणि धाकट्याच्या खिशातलं कललेलं पेन हलकेच सरळ केलं.

देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या धाकट्याची आठवण ठेवा, बरं का.