लोको शेडात बनवलेला माणूस

बकाराम : बंद कर वो पोरी थे गानं. तुहा आबाजी न्हानीतून निंगनच आता.

खुशबू : निघू द्या की. त्यांच्यासाठीच तर शोधलं. ते गुणगुणतात ते शब्द मोबाईलवर टाकत बसले रोज, तेव्हा कुठे सापडलं. मुर्रीला मनिराम आबाजींच्या तेरवीत आमचे आबाजी गायला उभे राहिले की आधी हे लावायचं. ओरिजनल. मग आबाजी.

बकाराम : हे लावलं तं तुहा आबाजी उभा राहनार नाही. खालीच बसन.

खुशबू : काऊन? गाणं तेच, शब्द तेच. जरा फास्ट आहे फक्त.

बकाराम : जरा? बाई, आमच्या गान्यात एका ओळीनंतर मानूस बिडी पेटवे, दोन झुरके मारे, तवा कुठं दुसरी ओळ ये. न हे? हे तं पोलीस मागं लागल्यावानी पयून राहिलं.

खुशबू : तुम्हीच मुद्दाम हळू केलं असेल. स्टाईल म्हणून.

बकाराम : आमची कायची स्टाईल! जसं मशीनीतून निंगे, तसं आमी गावं. इंजनाचा अँग्लो-इंडियन डायवर साहेब ऑस्ट्रेलियाले गेला, जाताना गानं वाजवाची चावीची मशीन न एक रेकॉड देऊन गेला. एकच. त्याचं लेबल उंदरानं खाल्लं, म्हनून गानाऱ्याचं नाव बी नाही. रेल्वेच्या लोको शेडातले चार पोट्टे आमी. तुहा आबाजी गाये, मनिराम गिटार, उदाराम पेटी, न मी ढोल. रॉक अँड रोल पार्टी, गोंदिया. इंग्रजी एकालेही ये नाही.

रूपलाल : काय वाजून राहिलं गा? मस्त आहे. लहान पोरगा दिसतो कोणी.

बकाराम : काही नाही, रेडिओ होता. कुर्ता घाल, चाल. मनिरामची सुमित्राबाई वाट पाहून राहिली.

रूपलाल : थांब ना. बेटा, फिरसे लाव एक बार.

खुशबू : बकाराम आबाजी?

बकाराम : माह्याकडे काय पाहतं? मी तं बहिरा आहो.

(गाणं वाजतं. चटकन संपतं.)

रूपलाल : झालं?

खुशबू : हो. एवढंच आहे.

रूपलाल : बका, मधातल्या त्या दोन थापा न एक उडी, त्या तुह्या होत्या.

बकाराम : माह्या नाही. माह्यावानी कोनाच्या.

रूपलाल : हे आपलं गाणं आहे.

बकाराम : आहे.

रूपलाल : मग आपण काय गायलो? पन्नास वर्षं?

बकाराम : तेच गायलो. मशीन ढिली होती गा, हळू फिरे. तिची स्प्रिंग तुटली होती, याद आहे? तूच तं दुसरी बसवली.

रूपलाल : वेटिंग रूमच्या घड्याळाची. अख्ख्या शेडात कोणाले जमलं नव्हतं. बडा फोरमन येऊन पाठ थोपटून गेला.

बकाराम : हो. न वेटिंग रूमवाले गाडी चुकून राहिले मंग दोन वर्षं.

रूपलाल : खुशबू, याले हळू करता येते का?

खुशबू : ॲपमध्ये येते. पण आवाज जाड होईल, आबाजी.

रूपलाल : होऊ दे. अजून. अजून थोडं. बस्स.

खुशबू : असं?

रूपलाल : हाच. बका, हाच ना?

बकाराम : हाच.

रूपलाल : मी याले पंचावन वर्षांचा धरला होता. अंगानं भारी. बायको गेलेला. संध्याकाळी सगळे घरी गेले की एकटाच बसून गाते, असा. त्याच्यासारखा आवाज काढाले मी पोटातून ओरडलो, थुंकीतून रक्त पडलं. नागपूरचा डॉक्टर म्हणे, गाणं सोडा. मी म्हटलं, गाणं सोडतो डॉक्टरसाब, पण त्या माणसाले कसा सोडू? त्याले कोण आहे दुसरं?

खुशबू : इथं लिहिलंय, तेव्हा तो अठराचा होता.

रूपलाल : मग? मोठा झाला असंल ना पुढं. नाव झालं असंल.

खुशबू : दोन रेकॉर्ड निघाल्या. कंपनीनं त्याला फसवलं. मग तो टायरच्या दुकानात कामाला लागला. गेला तेव्हा पेपरातसुद्धा आलं नाही.

बकाराम : म्हंजे आपल्यावानीच. फक्त जलदी.

रूपलाल : अन् गाणं कशाचं आहे? तू तर इंग्रजी शिकली.

खुशबू : जाऊ द्या ना, आबाजी. उशीर होतो. दोघंही बसा स्कुटीवर, मी हळू चालवते.

रूपलाल : सांग.

खुशबू : मुलगा मुलीला म्हणतो, लवकर ये, आईस्क्रीम वितळून राहिली.

रूपलाल : पुढं?

खुशबू : पुढं पण तेच.

रूपलाल : शेवटी? शेवटी मी आवाज एकदम खाली नेतो, बाया तोंडाले पदर लावतात, तिथं काय आहे?

खुशबू : तिथं तो दुसरी विकत आणतो.

बकाराम : बरं केलं.

रूपलाल : उदारामच्या मातीले गायलो. तुह्या मोठ्या भावाच्या तेरवीले गायलो. अन् वच्छला. दवाखान्यात तिचा हात धरून, शेवटपर्यंत हेच गात होतो. मले वाटे, हा माणूस जाणाऱ्याले काही सांगून राहिला आहे, आपल्याले कळत नाही पण तिले कळत असंल.

खुशबू : आजी ऐकत होती, आबाजी. आई सांगते, डोळ्यांतून पाणी येत होतं तिच्या.

रूपलाल : आईस्क्रीमसाठी.

बकाराम : अरे, सारी मुर्री रडे गा तुह्या गान्यानं! इतक्या लोकायचं रडनं का खोटं होतं?

रूपलाल : रडणं खरं होतं, बका. म्हणून तर. रडले ते ज्याच्यासंगं रडले, तो नव्हताच. त्याले मी लोको शेडात बनवला. घड्याळाच्या स्प्रिंगचा.

बकाराम : मंग काय झालं? बनवला तं बनवला. डायवर साहेबाले तरी कुठं बनवता आला.

रूपलाल : तू मजाक नको करू गा आता.

बकाराम : मजाक नाही करून राहिलो. मले दुसरं काही येत नाही बोलता.

खुशबू : मी डिलीट करते. सॉरी, आबाजी. आत्ताच करते.

रूपलाल : कर. माझ्यातून पण होते का, पाहा.

खुशबू : फोन आला. सुमित्रा आजी आहेत. थांबा... हो आजी... हो... आबाजी, मांडव भरला म्हणतात. माईक लावून ठेवला. पंगत थांबवली आहे, फक्त तुम्ही राहिले.

रूपलाल : सांग, घसा बसला.

खुशबू : मनिराम आबाजींनी मरताना सांगून ठेवलं होतं म्हणतात. कीर्तन नको, भजन नको, रूपलालचं तेवढं पाहिजे. त्यांना काय सांगू?

बकाराम : जाऊन येऊ गा रुप्या. मनिरामले कोन सांगाले जाते आता? त्याच्यासाठी तं थे हळूच आहे.

रूपलाल : मले मालूम आहे ना पण. तोंड उघडलं का तो अठरा वर्षांचा पोट्टा पळत येईन मधातून. बसला म्हणून सांग, बेटा.

खुशबू : हॅलो, आजी... आबाजींचा घसा बसला... नाही, बोलता पण नाही येत त्यांना.

बकाराम : मंग माह्या तेरवीले?

रूपलाल : भजनवाले आहेत ना. बरे गातात.