रात्रीची गोळी

डॉक्टरांच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते. भावाच्या हातात तिच्या रक्ताचा रिपोर्ट होता.

"ताई, क्रिएटिनिन दुप्पट झालंय. गोळ्या वेळेवर घेतेस ना?"

"घेते की."

"माझ्याकडे बघून सांग."

"सकाळची घेते. रात्रीची सोडली."

"कधीपासून?"

"दीड महिना झाला असेल."

"अगं, तुझ्यासमोरच सांगितलं होतं ना डॉक्टरांनी? माझी किडनी तुझ्या शरीराला कायम परकीच वाटणार. अंगातले पहारेकरी तिच्यावर तुटून पडू नयेत, म्हणून या गोळ्या त्यांना पेंगत ठेवतात."

"सगळं पाठ आहे रे मला. पण त्या गोळ्यांनीच हात थरथरतात. सुईत दोरा जाईना. पंचवीस वर्षं शिवणकाम करतेय मी, आणि साधं काज करताना गिऱ्हाइकाचं कापड फाडलं."

"मग डॉक्टरांना सांगायचं. त्यांनी डोस बदलून बघितला असता."

"नाहीतर म्हणाले असते, शिवण सोडा."

"सोडायचं होतंस!"

"आणि दिवसभर तुझ्या घरात बसून काय करायचं? तुझ्या बायकोच्या हातचा आयता चहा प्यायचा?"

"आम्ही कधी बोललो का तुला?"

"नाही बोललात. तेच जड जातं."

"आता ते भरती व्हायला सांगतील."

"वाचेल का रे तुझी किडनी?"

"मला काय ठाऊक?"

"चिडलायस?"

"नाही गं. पण ताई, मला आता दुसरी देता यायची नाही."

"माहितीये. म्हणूनच तर तुला सांगवत नव्हतं."