झेंडीचा बांबू

गुरुवारचं दर्शन घेऊन मी सांडोरच्या बसच्या रांगेत उभी होते. पुढे एक वाडीवालं जोडपं हळू आवाजात बोलत होतं.

“मायकल, हायवेच्या मोजणीवाल्यांनी आपल्या वाडीत रोवलेला तो लाल झेंडीचा बांबू कुठे गेला?”

“केळीला टेकू दिलाय. घडाच्या वजनाने पार वाकली होती बिचारी.”

“देवा रे! ते लोक दुपारी परत येतायत. खूण हलवली म्हणून केस करतील.”

“करू देत. रस्ता होऊ द्यायचा नाही, असं सभेत सगळेच म्हणाले ना?”

“म्हणाले सगळे, उपटलास तू एकट्याने. आणि त्या दिवशी त्यांना पपई कोणी कापून दिली?”

“उन्हातून आलेल्या माणसाला नुसतं बघत बसायचं का?”

“आता जाऊन तो परत रोव.”

“रिटा, तो बावखलाच्या काठावर होता. ते तळं बुजवलं की आपल्या विहिरीचं पाणी खारट होणार. मी माझ्याच हाताने तिथे खूण करू?”

“मग थोडा पलीकडे रोव.”

“पलीकडे जॅक्सनचं घर आहे.”

“अगोबाई, हो. भाऊजींनी आत्ताच नताशाच्या लग्नासाठी खोली वाढवलीय.”

“तेच म्हणतोय मी.”

बस आली. रांग पुढे सरकली, ती दोघं मात्र जागची हलली नाहीत.

“मग काय करायचं, मायकल?”

“होता तिथेच रोवतो. तेवढा वेळ तू केळ धरून उभी राहा.”