धरायचं कशाला?

...बरं, धरायला काहीतरी ठेवतील की नाही? तुम्हाला सांगतो, सायकलला हँडल असतं, बसमध्ये दांडा असतो, आमच्या घरच्या मोडक्या खुर्चीलासुद्धा एक हात शिल्लक आहे. पण हे इंग्रजी पद्धतीचं खोगीर म्हणजे नुसतं गुळगुळीत चामडं, मधे जराशी खळगी, संपलं. धरायचं कशाला?

आणि मी हौसेनं गेलो नव्हतो हो. माझं जिच्याशी जमलंय तिचे वडील घोडेस्वारी शिकवतात. लग्नाचं विचारायला गेलो तर म्हणाले, “रिंगणाला एक फेरी मारून दाखवा, मग बोलू.” घट्ट विजार दिली, गुडघ्यापर्यंत बूट दिले, वर हेल्मेट. मी आधीच कमी बोलतो, त्यात हनुवटी बांधलेली.

“काका, धरायचं कशाला?”

“कशालाच नाही. पाय रिकिबीत, टाच खाली, पाठ सरळ, नजर समोर.”

“आणि हा लगाम?”

“तो लोंबकळायला नाही. घोड्याशी बोलायला आहे.”

आता मला माणसांशी बोलता येत नाही, तर...

घोड्याचं नाव मास्तर. ती आदल्या दिवशीच म्हणाली होती, “अरे, पोटाचा पट्टा आवळताना तो पोट फुगवून धरतो. थोडा चालव, मग पुन्हा आवळ, नाहीतर खोगीर फिरेल.” पक्कं लक्षात होतं. पट्टा आवळला, मास्तर टम्म फुगला, मी त्याला चालवणार तोच काका म्हणाले, “चला, बसा.” होणाऱ्या सासऱ्याला थांबा कसं म्हणणार? बसलो.

मग दुडकी चाल. घोड्याच्या तालावर आपण उठायचं, बसायचं, उठायचं, बसायचं... अहो, उठाबशांना कंटाळून मी सातवीत शाळा सोडली, आणि इथे पुन्हा मास्तर, पुन्हा उठाबशा. अर्ध्या फेरीत मास्तरनं सुस्कारा सोडला. पट्टा सैल, खोगीर हळूहळू डावीकडे, खोगिरासोबत मी. काका म्हणताहेत, “नजर समोर.” समोर मास्तरचा खांदा. धरायचं कशाला? आयाळ दिसली, दोन्ही मुठींत धरली, डोळे मिटले. मास्तर शहाणा, उरलेली फेरी शांतपणे चालत पुरी करून काकांसमोर उभा राहिला.

काका वाकून माझ्याकडे बघत राहिले. म्हटलं, गेलं लग्न.

“फेरी झाली. सोडा आता.”

मुठी उघडेनात. मग ते रिंगणाबाहेर उभ्या असलेल्या लेकीकडे वळले. “स्वार काही होणार नाही हा. पण धरलं की सोडत नाही. माझी हरकत नाही.”

तर लग्न ठरलंय. फक्त दर रविवारी नीट शिकायला यायचं, असं काकांनी सांगितलंय. मी हो म्हणालो. परवा गेलो तर मास्तरची आयाळ मुळापासून भादरलेली... आता तुम्हीच सांगा.