मंगल आणि दंगल

तुम्ही गिटारच्या आवाजाचं विचारलंत म्हणून सांगतो. नव्वदच्या आसपास मी जळगावात नानांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. अ‍ॅम्प्लिफायर जुना, व्हॉल्व्हचा, म्हणजे आत बल्बसारख्या काचेच्या नळ्या असलेला. जरा मोठा केला की गुरगुरायचा.

नाना मूळ धुळ्याकडचे. एक दिवस म्हणाले, "हाई गिटार शे का फाटेल चादर? यावलना लगीनमा असंच वाजनं तर मी दुसरा गिटारवाला देखसू."

मी घाबरून नशिराबादला सलीमकडे गेलो. सलीम माझा वर्गमित्र, रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने ऐकून सांगितलं, "पहिला व्हॉल्व्ह आवाज फार वाढवतो, पुढच्याला तो पेलत नाही. इथे कमी ताकदीचा घालू." घातला, आणि आवाज एकदम स्वच्छ झाला.

लग्नात नाना खूश होते. मग नाचाची गाणी सुरू झाली, पण एकही माणूस उठेना. माझी गिटार भजनाला बसल्यासारखी वाजत होती. नानांचा चेहरा पडला. माझ्यासोबत आलेला सलीम मंडपातच जेवत होता. त्याने हात धुतले, अ‍ॅम्प बंद करून थंड होऊ दिला आणि माझ्या गिटारच्या पेटीतला जुना व्हॉल्व्ह परत बसवला. पहिल्याच सुरावर गुरगुर झाली आणि नवरदेवाचे मामा फेटा सावरत नाचायला उठले. मागोमाग सगळा मंडप उठला.

नाना कानाशी येऊन म्हणाले, "माले दोन्ही आवाज पाहिजेत."

सलीमने आठवड्याभरात अ‍ॅम्पला एक बटण बसवलं आणि रंगाने लिहिलं, वर 'मंगल', खाली 'दंगल'.