शनिवारची खिचडी

हॅलो? … कोण, रेणू? अगं बोल ना. … हो, सुवर्णाच बोलतेय, दुसरं कोण उचलणार? आवाज असा का येतोय तुझा? सर्दी झालीय? … अ‍ॅशबर्नला थंडी असेल ना अजून. तुझे पुरुषोत्तमदादा, वहिनी बरे आहेत? इथलं घर सोडून भावाकडे गेलीस ते बरंच झालं. …

नाही, नाही, मोकळीच आहे. कुमार बाहेर गाडी धुतोय. सगळं वाळवंट घरी घेऊन आलोय आम्ही, सीटखालून नुसती वाळू निघतेय.

हो… काल गेलो होतो. दरवर्षीसारखं पिकाचोच्या डोंगरावरच. … अगं सांगणारच होते. म्हटलं संध्याकाळी निवांत करीन फोन.

फुलं? फुलांचं काय सांगू तुला. यंदा हिवाळ्यात पाऊस झाला ना बख्खळ, तर डोंगराची सगळी उतरण पिवळी. हळदीचा डबा उपडा झाल्यासारखी. मध्ये मध्ये ती जांभळी… हं, लुपिन, तीच. इतके मार्च झाले इथे, पण असं कधी पाहिलं नव्हतं. …

हो गं. त्याला आवडलं असतं. फिल्मचे दहा रोल संपवले असते प्रसादनं, आणि रिकाम्या डब्या सगळ्या तुझ्या पर्समध्ये. …

कोण कोण? आम्ही आणि विनीताची मंडळी. दोनच गाड्या. … हो, मुलं दमली. आमच्या सईच्या बुटात चोया निवडुंगाचा काटेरी गोळा घुसला. कुमारनं शहाणपणा करून हातानं ओढला, तर तो त्याच्याच बोटांना चिकटला. कंगवा कुणाच्या लक्षात राहणार? निवडुंगाचे काटे काढायला कंगवा न्यायचा हे खूळ प्रसादचं. आम्ही हसायचो त्याला. …

हं? … डबा? कुठला डबा? …

कोण म्हणालं? … सई. सकाळी तुझ्या ऋषीशी बोलत होती ती हेच का? या पोरीच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. …

रेणू, राहू दे ना. … अगं लपवत नाहीये. … लपवत असते तर… बरं. बरं, सांगते. पण मध्ये बोलू नकोस हं, नाहीतर मला नाही जमणार. एक मिनिट… अरे कुमार, तो नळ बंद कर जरा, काही ऐकू येत नाहीये. …

हं. तर शुक्रवारी रात्री मी साबुदाणा भिजत घातला. का घातला, मला विचारू नकोस. ट्रिप म्हणजे शनिवार, शनिवार म्हणजे प्रसादचा उपास, उपास म्हणजे खिचडी. डोक्याला माहीत होतं गं, हातांना कुणी सांगितलंच नव्हतं तो गेलाय ते. सकाळी उठून दाण्याचं कूट केलं, बटाटा चिरला, खिचडी परतली, त्याच्या त्या निळ्या झाकणाच्या डब्यात भरली. शेजारी दहीभात, पराठे. एकदासुद्धा खटकलं नाही. … नाही, कुमारच्याही लक्षात नाही आलं. त्यानंच उचलून डिकीत ठेवला.

आणि तिथे चटईवर बसलो. एकेक डबा उघडतेय, एकेक डबा उघडतेय… आणि निळं झाकण उघडलं. …

आमच्यात उपास करणारं कोणीच नाही ना गं. …

रड. रड तू, मी आहे. …

आहेस ना? … हं. मग सई म्हणाली, “दॅट्स प्रसादकाकाज.” इतकंच. विनीता उठून गाडीपाशी जाऊन उभी राहिली. आणि तेवढ्यात समोरच्या उंच सग्वारो निवडुंगावर येऊन बसला. … कावळा. डोमकावळा, इथले असतात ना ते धिप्पाड. …

माहितीये. माहितीये गं रेणू. नोव्हेंबरात दहाव्याला त्या पार्किंग लॉटमध्ये सकाळी सकाळी कुडकुडत आपण किती वाट पाहिली. कबुतरं आली, खार आली, कावळा काही येईना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला नि शिववला पिंडाला. तेव्हाचं तुझं तोंड मी पाहिलं होतं. म्हणून तर कुमारला म्हटलं, वाढ प्लेटमध्ये आणि ठेव त्या खडकावर. …

हो, ठेवली. … रेंजर आला ना. म्हणे, पक्ष्यांना खायला घालू नका. आता त्याला काय समजावणार? कुमार म्हणाला, “इट्स फॉर अ फ्रेंड. ही पास्ड अवे.” तो बिचारा म्हणाला, जाताना उचला मात्र, आणि गेला ट्रकमध्ये जाऊन बसला. पाठ करून. …

हं? …

शिवला. …

हो. शिवला ना, म्हणून तर सांगतेय तुला. … लगेच. ठेवली आणि आला. … चोचीनंच, आणखी कशानं? … काही नाही, कुमार आत आलाय. तू जा रे, मी बोलतेय. …

शपथ कशाला त्यात? … घेते की, देवाची शप… नको गं. सईची नको. … रेणू, माझी घाल, सईची नको घालूस. … ऐक ना…

…

नाही शिवला. …

चुकलं माझं. मला वाटलं, तू एकदाची सुखानं विमानात बसशील. …

नाही. ऊन कलेपर्यंत बसलो होतो. खाली उतरला तो, प्लेटभोवती फिरला, मान वाकडी करून बघितलं आणि परत वर जाऊन बसला. आम्ही सगळं बोललो गं. कुमार म्हणाला, ऋषीच्या शिक्षणाची काळजी करू नकोस. मी म्हटलं, रेणू नाशिकला गेली तरी दर रविवारी माझा फोन असेल, एकटी नाही पडू देणार तिला. विनीतानं हात जोडले. सईनंसुद्धा इंग्लिशमधून काहीतरी सांगितलं. तो ढिम्म. …

असं नको म्हणूस. … तू कुठे त्याला टाकून चाललीयस? व्हिसा त्याच्या नोकरीवरचा, तो गेला, व्हिसा गेला. महिनाअखेर निघावंच लागणार तुला, यात तुझं काय चुकलं? … मला नाही माहीत त्याचं काय अडकलंय. खरंच नाही माहीत. ऑफिसला जातो म्हणून गेलेला माणूस, त्याचं काहीही राहिलं असेल. …

ती? प्लेटमधली उचलून टाकली, रेंजरला शब्द दिला होता. डब्यातली आहे. … फ्रीजमध्ये. टाकवेना मला. …

आत्ता? … काय करू म्हणतेस? … खाऊ? मी? … अगं, काल पहाटेची आहे ती. … म्हणजे काय, चांगली नसेल झाली? इतकी वर्षं तुझा नवरा चाटूनपुसून खायचा माझ्या हातची. … बरं बाई. थांब. धर फोन. …

घेतला डबा. गारढोण झालीय, साबुदाण्याच्या गोळ्या नुसत्या. … हं. …

…

रेणू. …

मीठ नाहीये गं यात. …

नाही, नाही, विसरले नाही. मी कधीच घालत नाही ना. त्याला उपासाला सैंधवच लागायचं, आणि ते तू आणायचीस. फिल्मच्या त्या काळ्या डबीत. चटईवर बसलीस की पर्समधनं डबी काढायचीस, चिमटीनं घालून कालवायचीस. तो म्हणायचा, अजून थोडं. तू म्हणायचीस, बीपी आहे तुला, पुरे. … दर वर्षी. मी अळणीच करून आणायची. कालही तशीच आणली. …

हो. … हो गं. घालायला तू नव्हतीस. … अळणी कशाला शिवेल तो, प्रसादच तो. …

हसतेयस का रडतेयस? मला कळत नाहीये. … माझंही तेच चाललंय. …

कुठे आहे ती डबी? … पर्समध्ये? अजून? …

मग ये. … अगं ये म्हणजे ये. नाशिकला जायच्या आधी ये. शनिवारी जाऊ आपण. … तिकिटाचं कुमार बघेल. … फुलं नसतील, आधीच सांगते. उन्हं चढलीत, आठवड्यात सगळं करपून जाईल इथे. … नुसतीच वाळू. हो. … ऋषीला आण. सईला सांगते मी. …

कंगवा? आणते. तू फक्त डबी आण. … हो. … चल, डोळे पूस आता, ऋषी बघेल. ठेव. …

हो गं. मी अळणीच करते.