झाड म्हणतंय, गाडी मागे येत आहे

"हॅलो? …हां ताई, बोल. …नाही गं, गिऱ्हाईक आहे समोर, पण ते काही घेणार नाही. हात लावून बघतंय नुसतं."

चूबिननं फोन कान आणि खांद्यात दाबला आणि डाग द्यायचं गरम सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं. शेनझेनच्या इलेक्ट्रॉनिक्स मार्केटात, तिसऱ्या मजल्यावर, त्याचं काउंटर होतं. एका माणसानं मांडी घातली की भरलं, दुसऱ्यानं घातली की मालकी हक्काचा वाद. सकाळचे अकरा वाजून गेले होते.

"कुठे? बाबांच्या दाराशी? मग बेल वाजव ना. …वाजवलीस. …किती वेळ? …बाथरूममध्ये असतील. …अगं, सत्तरीचा माणूस आहे, त्याला पंधरा मिनिटांचा हक्क आहे. …डबा गार होतोय तर होऊ दे. काय आणलंयस? …मुळ्याच्या वड्या? मग गारच बऱ्या."

चूलिंग त्याची थोरली बहीण. राहायला शांतोउला, म्हणजे बाबांच्या चाओझोउपासून तासाभरावर. चूबिन अडीच तासांवर. बाबांचं म्हणणं, अंतर सारखंच. दोघंही येत नाहीत.

"चावी आहे ना तुझ्याकडे? …हं. …आतून कडी. म्हणजे घरातच आहेत, बरं झालं. …बरं नाही झालं? …का गं?"

गिऱ्हाइकानं एक डबी उचलून भाव विचारला. चूबिननं हातानंच 'थांब' म्हटलं.

"कोण, लाइ काकू? खालच्या मजल्यावरच्या? …त्यांना म्हणावं तुमचं गुडघेदुखीचं तेल पाठवतोय. …तेलाचं नाही? मग? …काय येतोय? …ट्रक?"

चूबिन हसला. लाइ काकूंची तक्रार अशी, की सकाळपासून वरच्या घरात ट्रक मागे येतोय. घर तिसऱ्या मजल्यावर.

"अगं तो ट्रक नाही. झाड आहे. …हो, आपलं संत्र्याचं. …तेच बोलतं. आवाजाची चिप ट्रकची आहे ना. …मग काय करू, तीच स्वस्त होती, टोपलीभर आणल्या मी. …बदलणार होतो, बाबाच नको म्हणाले."

म्हणाले होते खरे. दोन वर्षांपूर्वी आईनं नव्या वर्षासाठी बोटभर संत्र्यांची ही कुंडी आणली. लोक पंधरा दिवसांनी अशा कुंड्या कचऱ्यात ठेवतात. त्या पंधरा दिवसांत आईच गेली, आणि कुंडी कचऱ्यात ठेवायचा विषय कोणी काढला नाही. चूबिननं तिच्या मातीत दोन खिळे खुपसले, त्यांना काड्यापेटीएवढा बोर्ड जोडला. माती कोरडी पडली की एक सभ्य बाई एकदाच बोलायची, 'गाडी मागे येत आहे, कृपया लक्ष द्या', आणि घरच्या ग्रुपवर झाड लिहायचं, 'तहान लागली'. पाणी मिळालं की लिहायचं, 'धन्यवाद'. चूबिन खरा आवाज भरून देतो म्हणाला, तेव्हा बाबा म्हणाले, राहू दे, घरात 'कृपया' म्हणणारं तेवढं एकच आहे.

बाबा फोन उचलत नसत. चहा मात्र पहाटेपासून व्हायचा, आणि पहिलं पाणी, जे पानं धुऊन टाकून द्यायचं असतं, ते गार करून कुंडीत जायचं. म्हणून झाडाचा 'धन्यवाद' आला, की बाबा उठले. हे कोणी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण हजेरी ती होती.

"मी म्हणतो ना, आहेत व्यवस्थित. सकाळी सहा चाळीसला धन्यवाद आला. …हो, बघितला मी, डोळ्यांनी. …नंतर? नंतर खूप आले. बिघडलंय ते. तहान, धन्यवाद, तहान, धन्यवाद, सारखं तेच. …खिळे गंजले असणार. वीज सोडली की मातीत खिळे विरघळतात, ताई. माझे, इथल्या सगळ्यांचे. रविवारी येऊन बदलणार होतो. …मग? मग काय करणार, इथे गिऱ्हाईक, फोन सारखा थरथरतोय. म्यूट केला ग्रुप."

"…हो, म्यूट. …तू नको बोलूस. तू मार्चमध्येच केलायस. तूच म्हणालीस ना, दिवसाला अकरा धन्यवाद, एवढी माणुसकी मला झेपत नाही. …ओरडू नकोस. …बरं, बघतो. किती आलेत ते बघतो. थांब."

त्यानं ग्रुप उघडला. बोटानं वर सरकवत गेला. बरंच वर जावं लागलं.

"एकशे ब्याऐंशी."

"…नाही, ऐक ना. एका जागी कनेक्शन हललं की असंच होतं. खिळा लागतो, सुटतो, लागतो, सुटतो. मागे एकाचं कॅक्टस रात्रभर आभार मानत होतं, त्यानं पोलिसांत… थांब. …थांब जरा, बोलू नकोस."

चूबिन वेळा बघत होता. सहा बावन्न. तहान, धन्यवाद, तहान, धन्यवाद, तहान, धन्यवाद. मग काही नाही. सहा अठ्ठावन्न. तसंच, तीनदा. मग काही नाही. सात वाजून तीन मिनिटं. तीनदा.

त्यानं आणखी खाली बघितलं. 

"ताई… बाबा टेबलावर कसं वाजवतात? …चहा ओतला की गं. …दोन बोटांनी, हो. किती वेळा? …मला माहितीय किती. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

चाओझोउत कोणी चहा ओतला की घेणारा टेबलावर दोन बोटं वाजवतो, म्हणजे आभार. बाबा सगळ्यालाच वाजवत. आभाराला तीन, जेवायला हाक मारायला तीन, टीव्ही बारीक करायला तीन, परीक्षेचा निकाल बघून तीन. आई म्हणायची, या माणसाला तोंड दिलंय ते निव्वळ चहा प्यायला.

"कारण तीन-तीनच आलेत. …झाडाचे! तीन, मग थांबलंय. तीन, मग थांबलंय. तीस वेळा. …गंज नाही, ताई. गंज मोजत नाही."

 चूबिननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आहेस ना? …कुंडी कुठे असते? …हो, चहाच्या टेबलाशेजारी, पण वर की खाली? …जमिनीवर. …बसलेल्या माणसाचं नाही विचारत. आडव्या माणसाचा हात पोचतो का विचारतोय. …रडू नकोस. अगं, रडू नकोस, मला पण… ऐक. खिळे उपटले की तहान. परत खुपसले की धन्यवाद. ते वाजवतायत. टेबल लांब पडलं असेल, म्हणून झाड वाजवतायत. …हाका मारत नसतील कारण… मला नाही माहीत का. आवाज निघत नसेल."

"…शेवटचा? …ते नको ना विचारूस."

"…नऊ चाळीस. …नाही, तीन नाही. एकच. नुसतं तहान. धन्यवाद नाही आला मागनं. …म्हणजे खिळे उपटले, आणि परत खुपसायचं… झालं नाही."

काउंटरवरच्या घड्याळात अकरा सतरा झाले होते. ते घड्याळही त्यानंच बनवलं होतं. पहिल्यांदाच ते बरोबर चालत असावं असं त्याला वाटलं, आणि त्याचाच राग आला.

"ऐक. फोन कट करू नकोस. लाइ काकूंचा फोन घे. त्यावरून एकशे वीसला लाव, ॲम्ब्युलन्स. …पत्ता तूच सांग, काकू ट्रकपासून सुरुवात करतील. …झालं? …आता कुलूपवाला. जिन्यात भिंतीवर शिक्के मारलेत बघ, 'कुलूप उघडून मिळेल'. …वीस असतील तर चांगलंच ना! कुठलाही लाव. …आतून कडी आहे म्हणून सांग. दार लोखंडी आहे म्हणावं, कापायचं मशीन घेऊन ये. …किती? …पंधरा मिनिटं. बरं. कोपऱ्यावरच असतात ते, येईल."

गिऱ्हाईक डबी तशीच धरून उभं होतं. त्यानं आता भाव विचारला नाही. शेजारच्या काउंटरवरच्या माणसानं गाण्याचा आवाज बंद केला.

"ताई, दाराला कान लाव. …लाव तर. मी झाडाला बोलायला लावतो. …बटण आहे माझ्याकडे. प्रदर्शनात लोकांना दचकवायला केलं होतं. …लावलास? फोन पण दाराशी धर."

त्यानं बटण दाबलं. अडीच तास पलीकडून, लोखंडी दाराच्या आतून, फोनमधून त्या सभ्य बाईचा बारीक आवाज आला: गाडी मागे येत आहे, कृपया लक्ष द्या.

"ऐकू आलं? …आणि नंतर? …काहीच नाही? कण्हल्यासारखं, सरकल्यासारखं? …बरं. परत करतो."

गाडी मागे येत आहे.

"…आता? …नाही. इथेही काही नाही. म्यूट काढलाय मी, आलं तर कळेल. …परत करू का? …ताई, मला भीती वाटतेय परत करायला. समजा आताही काही नाही आलं… हो. …हो, करतो."

तिसऱ्यांदा दाबताना बोट घसरलं, म्हणून नीट पुसून दाबलं.

गाडी मागे येत आहे, कृपया लक्ष द्या.

फोन गालावर थरथरला. त्यानं तो कानापासून काढला, बघितला, परत लावला.

"धन्यवाद आला. …ताई, धन्यवाद. आत्ता. अकरा अठ्ठावीस. …मी नाही केला गं, मला धन्यवाद म्हणवताच येत नाही त्याच्याकडून, ते बटणच नाही. त्यांनी खुपसले! आहेत. आहेत आत. …ए, बेल नको. बेल नाही. दोन बोटांनी दार वाजव. तीनदा. सावकाश."

फोनमध्ये ऐकू आलं. टक. टक. टक.

ते दोघं थांबले. लाइ काकूही थांबल्या असाव्यात, कारण त्यांचाही आवाज येत नव्हता, आणि तसं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

"…आला. तहान लागली. …हो, एक. …थांब, पुढचा येईल. …येईल ना."

पुढचा आला नाही. मिनिट गेलं. दुसरं गेलं.

"उपटलेत परत. तसेच हातात असतील. …दमले असतील, ताई. तू बोलत राहा त्यांच्याशी. …काहीही. वड्या आणल्यात सांग. …मी काय बोलू? मी ट्रकच बोलू शकतो."

पुढची दहा मिनिटं तो ऐकत होता. ताई दाराला सांगत होती, की मुळा यंदा गोड निघालाय, धाकटीचे दात पडलेत, चूबिन रविवारी येणार आहे. चूबिन म्हणाला, रविवारी कशाला, आत्ता निघतो. कोणालाच ऐकू गेलं नाही. मग जिन्यात जड पावलं वाजली, कोणीतरी किती कड्या आहेत विचारलं, आणि यंत्र दारावर असं किंचाळलं की चूबिननं फोन हातभर लांब धरला. अख्ख्या मजल्यानं ते ऐकलं.

"ताई? …ताई, उघडलं? …ताई, बोल ना काहीतरी. …कोणीतरी बोला. लाइ काकू?"

भांडं पडल्याचा आवाज. पावलं. मग ताईचं 'बाबा', एकदा, आणि पुढे नुसता श्वास.

"अगं सांग ना! …डोळे उघडे आहेत? …उघडे आहेत. …तोंड वाकडं? कुठल्या बाजूला? …बरं. हलवू नकोस. पाणी नको देऊस, अजिबात नको, अडकेल. …ॲम्ब्युलन्स खाली आलीय? काकूंना पाठव खाली, रस्ता दाखवायला. …कुठला हात? …डावा चालतोय. त्यात काय आहे? …खिळे. हो. …ते काढू नकोस त्यांच्या हातातून. राहू दे."

 त्यानं सोल्डरिंग आयर्नचा प्लग काढला.

"फोन दे त्यांच्याजवळ. …माहितीय बोलत नाहीत ते. तसेही कधी बोललेत. दे तू, कानाला लाव."

"बाबा? …बाबा, मी चूबिन. …बोलू नका. बोलता येत नसेल तर बोलू नका. …मला वाटलं बिघडलंय, बाबा. मला वाटलं गंज आहे. …तुम्ही सकाळपासून सांगत होतात. …बाबा, ऐकू येत असेल तर… फोनवर वाजवा."

आधी नुसती खरखर होती. कपडा घासल्यासारखी.

मग, अगदी कानात: टक.

चूबिननं डोळे मिटले.

टक.

"हं. …हं, बाबा. …ऐकतोय मी."

पावलं आली, पुष्कळ पावलं, कोणीतरी 'बाजूला व्हा' म्हणालं, आणि तिसरं टक यायच्या आधीच फोन कशावर तरी आपटला, लाइन गेली.

"हॅलो? …हॅलो? …ताई?"

त्यानं परत लावला. वाजला, कोणी उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा लावायला घेतला आणि तसाच धरून बसला. समोरचं गिऱ्हाईक डबी अलगद जागेवर ठेवत होतं.

हातातला फोन थरथरला. ताई नव्हती. ग्रुप होता.

'धन्यवाद.'